चौथ्या खुर्चीतला आवाज

आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाचाही आवाज मला काढता यायचा. ठाण्याच्या कोपरीतली तीन मजल्यांची बिल्डिंग. पाणी सोडणारे वॉचमनकाका, तळमजल्यावरचे टायपिंग क्लासवाले सर, माझी सख्खी आई, सगळे माझ्या घशात राहायचे. शाळेत असताना याच कामासाठी मला वर्गाबाहेर उभं करायचे, आणि गॅदरिंगला याच कामासाठी आत बोलवायचे. त्यामुळे समोरच्या ब्लॉकमध्ये हाँगकाँगहून कोणी काकी राहायला येतायत हे कळल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की त्या बोलतात कशा.

अगदीच आपल्यासारख्या बोलायच्या. माझी निराशा झाली. ऐंशीचं दशक संपत आलेलं, मी बारावी होऊन ठाण्यातच कॉलेजला जायला लागलेले. काकींचे मिस्टर बोटीच्या कंपनीच्या ऑफिसात होते, सहा वर्षं तिकडे काढून दोघं परत आलेले. सामान वर चढवताना मी मदतीला गेलेले, म्हणजे खरं तर बघायला गेलेले. भात शिजवायचं विजेचं भांडं निघालं, बटण दाबलं की उघडणाऱ्या छत्र्या निघाल्या, आणि एक चामड्याची पेटी निघाली. बाजाच्या पेटीच्या निम्मी असेल, पण उचलायला दोन हात लागले.

"यात काय आहे?"

"खेळ आहे," काकी म्हणाल्या.

एवढा जड खेळ? मी उघडूनच बसले. आत नारळाच्या वड्या रचून ठेवाव्यात तसे पांढरे ठोकळे, पाठीमागून हिरवे. काहींवर गोल, काहींवर बांबूच्या काड्या, काहींवर चिनी अक्षरं. एकावर पक्षी. एकावर काहीच नाही, साफ कोरा. मी तो नाकाला लावला, दातावर आपटून पाहिला. हाड होतं का प्लॅस्टिक ते कळेना. हे काय लिहिलंय, हा पक्षी कुठला, कोरा कशाला, एकशेचव्वेचाळीसच का, असं मी विचारत सुटले. काकींनी एवढंच सांगितलं, की याला माजाँग म्हणतात आणि याला चौघं लागतात.

पुढचं हळूहळू कळलं. हाँगकाँगच्या पहिल्या वर्षी काकी पंधराव्या मजल्यावर एकट्या असायच्या. काका सातला जायचे. भाषा येत नाही. कोथिंबीर आणायला म्हणून लिफ्टने खाली जायच्या आणि दुकानाच्या दारातून तशाच वर यायच्या. लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आलेला मराठी पेपर त्यांनी इतक्यांदा वाचला, की त्यातल्या नोकरीच्या जाहिराती त्यांना पाठ होत्या. मग एका दुपारी घरमालकिणीने दार वाजवलं. चार बोटं दाखवली, त्यातलं एक मिटलं, आणि काकींचं मनगट धरून त्यांना आपल्या घरात नेऊन बसवलं. तिथे ती घरमालकीण, तिची थोरली बहीण आणि एक शेजारीण अशा तिघी होत्या. चौथी खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीत काकी पाच वर्षं बसल्या.

"त्या टेबलावर आकडे शिकले, शिव्या शिकले," त्या म्हणाल्या, "आणि त्यानंतर मला कोथिंबीर मिळायला लागली."

एके दिवशी काकी पत्र घेऊन आमच्या दारात उभ्या. घरमालकिणीच्या मुलाचं मुंबईत काहीतरी काम निघालेलं, त्याच्याबरोबर ती पण येणार होती, आणि एक दुपार ठाण्याला येणार होती. दोन महिन्यांनी. पत्रात अजून एक होतं. थोरली बहीण वारली. तेव्हापासून त्यांचं टेबल बंद आहे.

"जेवायला घालीन, साडी देईन, ते सगळं आहेच गं," काकी म्हणाल्या. "पण मला त्यांना डावाला बसवायचंय. पुऱ्या चौघींच्या. त्यांनी मला बसवलं होतं तसं."

त्या दिवसापासून काकींना दुसरं काही सुचेना.

दोघी ठरलेल्याच, काकी आणि पाहुणी. तिसरी मी, कारण मला त्या पेटीपासून लांब ठेवणं कुणालाच जमत नव्हतं. आईला वाटलेलं जुगार आहे. काकींनी पैसे लावणार नाही म्हणून देवाशपथ घेतली तेव्हा कुठे ती गप्प झाली. चौथीसाठी काकांना विचारलं, तर ते म्हणाले मला त्या विटा नकोत. भिशीच्या बायका एक दुपार आल्या, चिनी अक्षरं बघितली, भेळ खाल्ली आणि गेल्या.

चौथी सापडली ती उंबऱ्यावर. खाडीकडच्या कोळीवाड्यातून एक मावशी मासे घेऊन यायच्या. काकींच्या दारात बसून बोंबील साफ करत होत्या, आत काकी पेपरवर ठोकळे मांडून माझी उजळणी घेत होत्या. मावशी मान लांब करून बघत होत्या. मी दोनदा एकच चूक केली तेव्हा त्यांनी ओल्या हाताने लांबूनच दाखवलं, तो नाय, त्याच्या बाजूचा. काकी वळून बघतच राहिल्या. हात धुवायला लावून त्यांना आत बसवलं, आणि दहा मिनिटांत त्यांनी सगळे ठोकळे जातीजातीने लावले. मावशी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मी आगाऊपणे विचारलं, वाचता येत नाही तर ही अक्षरं कशी ओळखली?

"मना काय गो," मावशी म्हणाल्या, "तुजी अक्षरं नि त्यांची अक्षरं, दोनी सारकीच."

गुरुवारी आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी मासे घ्यायचं नाही. म्हणून गुरुवारची दुपार ठरली. टेबल म्हणजे काकांचा कॅरम, चार स्टुलांवर. पहिल्या दिवशी ठोकळा कोपऱ्याच्या जाळीत पडला आणि आम्ही अर्धा तास तो पलंगाखाली शोधला. मग कॅरमवर सोलापुरी चादर आली.

खेळ ऐकायला सोपा. हातात तेरा ठोकळे. एक उचलायचा, एक टाकायचा, रमीसारखंच. तिना-तिनाचे चार गट आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. आपल्याकडे दोन सारखे आहेत आणि तिसरा कुणीतरी टाकला, तर लगेच "पुंग" म्हणून ओरडायचं आणि तो उचलायचा. ओरडला नाहीत तर गेला.

तीन गुरुवार झाले तरी आमचा एकही डाव लागेना. काकींना कळेना काय बिघडतंय. मग त्यांनी मागे उभं राहून आमचे हात बघितले. मावशींकडे तीन गोल आलेले, सारखे, छान. पण त्या काही मांडत नव्हत्या, चौथ्यासाठी थांबलेल्या. मी तर त्याहून वाईट. माझ्याकडे तीन झाले की मी त्यातला एक टाकून देत होते आणि जोड्या जमवत बसलेले.

"तीन कसं काय ठेवायचं?" मावशींनी उलट विचारलं. "कुणाला तीन कवा द्यावं नाय."

खरंच की. त्यांनी जन्मात कुणाच्या भांड्यात तीन मासे टाकलेले नव्हते. तीन उरले तर चौथं एखादं बारीक वर टाकायच्या. आमच्या घरी आई पुऱ्या वाढायची त्या दोन, नाहीतर चार. तीन तिघाडा, काम बिघाडा. आमच्या दोघींच्या हातांना ती सवय होती, डोक्याला पत्ताच नव्हता. काकी कपाळाला हात लावून हसायला लागल्या. पहिल्या महिन्यात त्यांनीही हेच केलेलं, आणि घरमालकिणीची बहीण त्यांच्या अंगावर ओरडलेली.

मग काकींनी सांगितलं, की त्या लोकांना तिनाचं काही नाही, त्यांना चार नको असतो, त्यांच्या भाषेत चार आणि मरण जवळपास सारखंच ऐकू येतं. काकींच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चारचं बटणच नव्हतं, चौदाचंही नव्हतं. तेरानंतर थेट पंधरा. मावशींनी हातातला ठोकळा खाली ठेवला.

"मंग चौथ्या माल्यावरची मानसं राहतात कुटं?"

मला वेगळीच शंका. चार एवढा वाईट, तर खेळायला चौघं कशी चालतात? आणि प्रत्येक ठोकळा चार-चार कसा? काकी बोटांवर मोजत बसल्या. पण मावशींनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की चादरीवर तीन चालतील, ताटात नाय. त्या गुरुवारी त्यांनी डाव लावला.

पुढचा घोळ वाऱ्यांचा. यात चार दिशांच्या वाऱ्यांचे ठोकळे असतात आणि खेळणाऱ्यांनाही वारे वाटून दिलेले असतात. एक पूर्व, तिच्या उजव्या हाताला दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर. मी शाळेत खारे वारे आणि मतलई वारे अशी व्याख्या घोकून पाच मार्क मिळवलेले. मावशींनी पूर्वेचा ठोकळा हातात घेतला आणि म्हणाल्या, हा मतलई. पश्चिमेचा घेतला, हा खारा. व्याख्येतलं वारं एवढं खरं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्या पूर्वेच्या जागी बसल्या, आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मी पूर्वेला बसलंय, माजं तोंड पच्छिमेला. मंग दखिन डाव्या हाताला होवी. ही उजवीकडं कशी?"

काकी उठून खिडकीपाशी गेल्या, हात पसरून उभ्या राहिल्या, परत आल्या. पाच वर्षांत त्यांच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. सगळ्या खेळात दक्षिण आणि उत्तर उलट्या बसलेल्या. मावशींचं म्हणणं, असा वारा धरून होडी घातली तर माणूस भलत्याच बंदराला लागेल. शेवटी ठरलं, की हे पाहुणीलाच विचारायचं.

आता राहिली चौथी खुर्ची, पाहुणीची. पाहुणी येईपर्यंत तिथे बसणार कोण? ती मी बसले. म्हणजे माझाही हात मी खेळायचा आणि उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन पाहुणीचाही मीच खेळायचा. नुसतं खेळून मजा येईना, म्हणून मी काकींना विचारलं, त्या कशा ओरडतात? कशा बसतात? काकींनी करून दाखवलं. नाकातून एक लांब "पुंऽऽग", शेवटी वर चढलेला. ठोकळा असा आपटायचा, की कपातला चहा हलला पाहिजे. मग तो चहा एक घोट प्यायचा आणि गार झाला म्हणून कुरकुर करायची. नको तो ठोकळा आला की "आय्या". हे आपल्यासारखंच, फक्त आपण लाजून म्हणतो, त्या वैतागून.

दोन गुरुवारांत मी ती बाई उभी केली. काकी हसून हसून डोळे पुसायच्या आणि मध्येच सुधारायच्या, अजून नाकात, अजून. बायका दारात येऊन बसायला लागल्या. भेळ खाऊन गेलेल्याही आल्या. गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या खुर्चीत मी कायम हरायचे आणि त्या खुर्चीत गेले की जिंकायचे. तिथे बसलं की माझी नजर मावशींच्या ठोकळ्यांवर तिरकी जायची, आवाज वेळेवर सुटायचा. मावशी त्या रिकाम्या खुर्चीला शिव्या घालायच्या. ती बाय लय डांबरट हाय, म्हणायच्या.

पाहुणी येणार ती बुधवारी. म्हणजे मावशींच्या धंद्याचा वार. काकींचा चेहरा पडला. आठ दिवसांनी मावशी म्हणाल्या, टोपली सुनेकडं देतंय. सुनेला टोपलीला हात लावू देत नाहीत म्हणून त्या घरात काय वाद होते ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं.

आदल्या दिवशी काकींनी मला बाजूला घेतलं. "उद्या आवाज नाही हं. त्यांना वाटेल आपण त्यांची टिंगल करतो. एवढं ऐक माझं." मी कबूल केलं. मी काही एवढी वाईट नव्हते.

बुधवारी टॅक्सीवाल्याने माजिवड्याच्या नाक्यावर चकरा मारल्या आणि पाहुणी तासभर उशिरा आली. पाचला मुलगा परत न्यायला येणार होता. लहानखुरी बाई, पँट, कापडी बूट, हातात संत्र्यांची पिशवी. काकींना बघितल्यावर तिने त्यांचं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली, आणि मी चाटच पडले. एवढा हळू आवाज. देवळात बोलतात तसा. मी महिनाभर जिला उभी केलेली, तिचा या बाईशी काही संबंध नव्हता.

जेवणं झाली, पेटी उघडली. पाहुणीने एकेक ठोकळा बोटाने चाचपला. मावशी नवं नऊवारी लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आलेल्या. त्यांनी बसायच्या आधीच वाऱ्यांचं विचारायला लावलं. काकींनी मोडक्या चिनीत आणि अर्ध्या इंग्रजीत विचारलं. पाहुणीने विचार केला, चारी खुर्च्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, माझी आई आम्हाला असंच बसवायची.

"म्हंजे तिलापन नाय म्हाईत," मावशी म्हणाल्या आणि बसल्या.

आणि डाव सुरू झाला तो असा, जसा दहावीचा पेपर. पाहुणी ठोकळा ठेवायची तो मऊ, चादरीवर आवाजही नाही. सगळ्यांकडे बघून हसायची. काकी मिनिटामिनिटाला चहा विचारायच्या. मावशी गजरा सावरत बसलेल्या. मी तोंड घट्ट मिटलेलं, कारण जरा उघडलं तर ती दुसरी बाई बाहेर येईल ही भीती. दोनदा माझा पुंग आला आणि दोनदा मी तो जाऊ दिला. खेळ येत नव्हता अशातली गोष्ट नाही. मला तो त्या आवाजाशिवाय येत नव्हता.

पाहुणीने घड्याळ बघितलं. लपवून बघितलं, पण काकींनी पाहिलंच. त्यांनी ठोकळे उगाच सरळ केले, आधीच सरळ होते ते. चौघी होत्या, टेबल होतं, सगळं जसं हवं तसं होतं, आणि पाहुणी आमच्याकडे सत्यनारायणाला आल्यासारखी बसलेली.

तेवढ्यात मावशींनी लाल अक्षराचा ठोकळा टाकला. माझ्याकडे तसे दोन. मी श्वास धरला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मासा जाळ्याजवळ आला की कळतं त्यांना.

"गो पोरी, उचल की. कवा बोलशील?"

"पुंऽऽऽग!"

पूर्ण निघाला. नाकातून, लांब, शेवटी चढलेला. हात आपोआप आपटला, चारी कप हलले. मी कप उचलून घोट घेतला आणि गार चहाला कुरकुर केली, आणि मग मला कळलं मी काय केलं.

पाहुणीने आपले ठोकळे पालथे घातले. काकी उभ्याच राहिल्या आणि तिची माफी मागायला लागल्या, मराठीत. लहान आहे, नकलाकार आहे, तिच्या मनात काही नाही, असं भराभरा मराठीत, आणि ती बाई ऐकत होती. मग तिने इंग्रजीत विचारलं, हे हिला कुणी शिकवलं?

"मी," काकी म्हणाल्या. "तुमचा आवाज."

"माझा नाही. मी कधी ठोकळा आपटत नाही. ही माझी बहीण आहे."

काकी खाली बसल्या. तोंडावर हात. पाच वर्षं दोघी बहिणी समोरासमोर बसलेल्या आणि परत आल्यावर काकींच्या डोक्यात एकीचं नाव राहिलं, दुसरीचा आवाज राहिला. पाहुणी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, परत कर.

मी हातातला कप खाली ठेवला. मी कसंबसं केलं. तिने डोकं हलवलं, नाही. मग ती बाई, तो देवळातला आवाज असलेली, खुर्चीत मागे टेकली आणि एवढ्या जोरात ओरडली, की खालचे टायपिंगवाले सर जिन्यात आले. शेवट वर चढत नव्हता. खाली पडत होता, पायऱ्यांवरून गोणी सुटल्यासारखा. महिनाभर मी चुकीचा काढत होते. तिने तीनदा करून घेतला माझ्याकडून, आणि बरोबर आल्यावर माझ्या हातावर हलकी चापट मारली. मग ती रुमालाने डोळे पुसत राहिली आणि दुसऱ्या हाताने ठोकळा टाकत राहिली, कारण तिची पाळी होती.

त्यानंतर जे झालं त्याला खेळ म्हणतात. पाहुणी मावशींच्या हातात डोकावायची. मावशी ठोकळे पदराआड घ्यायच्या आणि कोळी बोलीत झाडायच्या, ती चिनीत उत्तर द्यायची, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. काकींनी एक ठोकळा टाकून परत घ्यायला बघितला तेव्हा पाहुणीने त्यांचा हात धरला, आणि दोघी अशा भांडल्या, की मला वाटलं आता साडी देणं राहतंच. पाचला मुलगा आला. त्याला खाली काकांजवळ बसवलं. साडेपाचला त्याने वर निरोप पाठवला, सहाला परत पाठवला. पाहुणीने न बघताच हात हलवला. ती निघाली तेव्हा दिवे लागलेले. साडी राहिलीच होती. काकी पिशवी घेऊन अनवाणी टॅक्सीमागे धावल्या.

मावशींचे त्या दिवशी तीन डाव लागले. तीन आकडा त्यांनी बिल्डिंगभर स्वतःच सांगितला.

पुढच्या गुरुवारी आम्ही परत तिघी. मावशी आल्या, कॅरमवर चादर पडली, ठोकळ्यांच्या भिंती रचल्या. मी माझ्या खुर्चीतून उठून पलीकडे जायला निघाले आणि थांबले. आता तिथे कोणाला बसवायचं? खरी घरमालकीण मला आता माहीत होती. तो हळू आवाज मी दोन दिवसांत घोटूनही ठेवलेला. मी काकींना विचारलं, कोणता काढू?

काकींनी डाव सुरू करायचे फासे हातात घोळवले. मावशी वाट बघत होत्या.

"थोरलीला बसव," काकी म्हणाल्या. "आणि तिचा चहा जरा गारच ठेव."